बरणीतले पोक्त पाणी

करंगळी बरणीत बुडवायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मुरलंय!" लोणच्याबद्दल कोणी असे म्हटले तर माझी हरकत नाही. आमचे अलिबागचे फोटोवाले हे फोटोची काचेची प्लेट धुण्याच्या औषधाबद्दल म्हणत.

माझे औषधांचे दुकान आणि त्यांचा फोटोंचा कारखाना यांच्यात दोनच दुकाने होती. कारखाना हा त्यांचाच शब्द. एक खोली, वर काचेचे छप्पर, मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक हंस. त्या हंसाची मान वाकडी होती, कारण तोही त्यांनीच रंगवला होता.

औषधे कशी टिकतात हे मला ठाऊक होते, कारण माझे पोट त्यावर होते. पावसाळ्यात रेवसची लाँच बंद, म्हणजे मुंबईचा माल बंद. जे लागेल ते आधी भरून ठेवायचे आणि नीट ठेवायचे. प्लेट धुण्याचे औषध पुडीत कोरडे असेपर्यंत मुकाट्याने पडून राहते. पाण्यात कालवले की त्याचे आयुष्य सुरू होते आणि हवा लागली की संपू लागते. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात थोडेच कालवावे, लहान बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात, बूच घट्ट लावावे, अंधारात ठेवाव्यात. प्लेट घालण्याआधी उजेड लागलेला फोटोच्या कागदाचा एखादा तुकडा बुडवून पाहावा; झटकन काळा पडला तर औषध जिवंत आहे. यात विद्वत्ता कसलीच नाही. ज्याला दूध नासलेले कळते त्याला हे कळावे.

फोटोवाल्यांना कळत नसे. ज्येष्ठ लागला की ते सगळ्या पुड्या एकदम चिनीमातीच्या मोठ्या बरणीत कालवत, वर फडके बांधत आणि निर्धास्त होत. पाणी आधी चहासारखे होई, मग काढ्यासारखे. कमी झाले की वरून नवे ओतायचे. तळाशी जुने हवेच, विरजणासारखे. त्यांची बोटे बारा महिने तपकिरी असत आणि त्याचाही त्यांना अभिमान होता.

"अहो, मेलंय ते," मी म्हणे.

"दुकानदार, तुम्ही खोकल्याचं बघा. हे पोक्त पाणी आहे."

असली माणसे तुम्हीही पाहिली असतील. चूक करतात याचा राग येत नाही. चुकीचे शास्त्र करतात याचा येतो. फोटो बिघडला की दोष गिऱ्हाइकाचा. नवरी काळपट आली, तर तिने मान हलवली. मामलेदार कचेरीतले कारकून धुक्यात बसल्यासारखे आले, तर त्यांनी दुपारी झोप काढली नव्हती. लोक ऐकून घेत. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोके घालणाऱ्या माणसाशी वाद घालायला त्या वेळी कोणी धजत नसे.

एका वर्षी गणपती नुकतेच गेले होते. लाँच सुरू झाली होती, माझ्याकडे ताज्या पुड्या आल्या होत्या. मांडव्याकडचा एक मिठागरातला माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला बैलगाडीतून घेऊन आला. आधी माझ्याकडे, खोकल्याच्या औषधासाठी. म्हातारा बाकावर बसला तोच भिंतीला टेकून.

"शेट, वैद्यांनी हात टेकलं," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "घरात पोर यायचाय. त्याला आजा दावायचा हाय. फोटू काडतो बाचा."

मी एक पुडी उचलली आणि त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो. "ही घ्या आणि आज ताजं कालवा," मी फोटोवाल्यांना सांगितले. "पैसे नकोत."

त्यांनी पुडी हातात घेऊन लहान मुलाला झुलवावे तशी झुलवली. "तान्ही आहे हो ही. म्हाताऱ्या माणसाला पोक्त पाणीच लागतं."

"निदान एक तुकडा टाकून बघा."

"परीक्षा नव्या सुनेची घेतात, दुकानदार. माझी बरणी जुनी आहे."

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. म्हाताऱ्याला बसवताना त्यांनी घाई केली नाही. हनुवटी दोन बोटांनी वळवली, मिठागराच्या गोष्टी काढल्या, कुठल्या आगरात होता, बांध फुटला तेव्हा काय केले, सगळे विचारले. म्हातारा बोलता बोलता खुलला. कापडाखाली जाण्याआधी ते कितीतरी वेळ नुसते त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. मला वाटले, नाटक.

प्लेट बाहेर आली ती जवळजवळ कोरी. एक धुरकट डोके आणि खाली मुंडाशाच्या सुटलेल्या टोकाचा डाग.

"आजोबांच्या तोंडावर तेज नाही," फोटोवाले म्हणाले.

"आख्खा जलम मिठाच्या उजेडात गेला त्याचा," मुलगा म्हणाला. "तेज कमी कसा पडंल?"

फोटोवाल्यांनी प्लेट पालथी ठेवली. "आठवड्यानं आणा पुन्हा," म्हणाले.

आठवड्याने मुलगा एकटाच आला. डोके भादरलेले होते. माझ्या दुकानासमोर क्षणभर थांबला, मान हलवली, पुढे गेला. मीही मागोमाग गेलो. त्या दिवशी मला फोटोवाल्यांना चार शब्द ऐकवायचे होते.

"जो हाय तो द्या," मुलगा म्हणत होता.

त्या मेलेल्या प्लेटवरून फोटोवाल्यांनी त्याच बरणीतल्या पाण्यात एक राखाडी कागद काढला आणि तो घेऊन आत जाऊन बसले. दुपार उलटल्यावर बाहेर आले. कागदावर म्हातारा होता. धुक्यात मिशा होत्या, कपाळावरची आठी होती आणि दोन डोळे होते. बारीक लेखणीने, काळ्या शाईने काढलेले.

माझा संताप झाला. "हा फोटो नव्हे. हे चित्र आहे!"

मुलाने कागद दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "बा असाच बगायचा."

खरे होते. मीही त्याला बाकावर पाहिले होते. तो असाच बघत होता. फोटोवाल्यांनी मुलाच्या खांद्यावरून माझ्याकडे विजयाने पाहिले.

"बघितलंत दुकानदार? मुरलेलं पाणी!"

माणूस मूर्ख असता तर मी सोडून दिले असते. ज्याच्या डोळ्यांत एका बैठकीत एवढे राहत होते, त्याला पुडी फोडण्याचा कंटाळा होता. त्याने गावातली किती तोंडे धुक्यात घालवली! हे मी त्यांना कधीच माफ केले नाही.

पुढे एक दिवस कारखान्याला कुलूप दिसले. ते पेणला गेले असे कोणी म्हणाले, कोणी म्हणाले मुंबईला. ज्यांचे फोटो राहिले होते ते काही दिवस कुलूप हलवून परत जात. मग तिथे कापडाचे दुकान झाले.

काही वर्षांनी कामानिमित्त मांडव्याकडे गेलो असता त्या माणसाने मला घरी नेले. ओटीवर फ्रेम टांगली होती. फोटोवाल्यांचे फोटो पक्का करणारे शेवटचे पाणीही पहिल्यासारखेच थकलेले असणार. चेहरा, मुंडासे, खुर्ची, सगळे उडून कागद पिवळा पडला होता.

घरातली लहान मुलगी मला बोट धरून फ्रेमखाली घेऊन गेली. "यो माजा आजा," म्हणाली.

मी वर पाहिले. पिवळ्या कागदात शाईच्या मिशा होत्या, आठी होती आणि दोन डोळे होते, आणि ते तिच्याकडे बघत होते.