भास्करला आडोश्या का म्हणतात

पाचोडच्या स्टँडवर माझी सायकल एसटीच्या टपावर भास्करनं चढवली आणि दोरीनं बांधलीही त्यानंच. भास्कर माझा धाकटा भाऊ. तो खाली उतरल्यावर मी शिडीनं वर गेलो, त्यानं मारलेली गाठ सोडली आणि माझ्या हातानं पुन्हा बांधली. वडील खालून बघत होते. "वहमी माणसाला सोताची सावलीबी चोर वाटती," एवढंच म्हणाले. गाडी हलली तेव्हा भास्कर हात हलवत होता. मी मनात म्हटलं, खुश झाला असेल, शेत आता त्याचंच.

ती सायकल मला गावच्या शर्यतीत मिळाली होती. त्या शर्यतीबद्दल पाचोडच्या लोकांनी आणि पाचोड सोडून गेलेल्यांनी जे ऐकलंय ते माझ्या तोंडून ऐकलंय. ते खोटं आहे.

जत्रेच्या दिवशी पैठण रस्त्यानं फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी शर्यत होती. फाट्यावरून वळलो तेव्हा आम्ही दोघं भाऊ सगळ्यांच्या पुढं होतो आणि वारा समोरून झोंबत होता. भास्कर माझ्या शेजारी आला, कोपर हलवून म्हणाला, "दादा, मागं हो. वारं मी घेतो. मग तू घे." मला वाटलं, याला फक्त पुढं निसटायचंय. मी दात खाऊन पायडल मारलं आणि त्याला पुढं येऊच दिलं नाही. पुन्हा पुन्हा मागं वळून बघत राहिलो. गाव दिसायला लागलं तेव्हा माझे पाय गळाले आणि तो बाजूनं निघून गेला.

मी चावडीपुढं सायकल आडवी टाकून ओरडलो, "माझ्या पाठीच्या आडोशानं आला हा! सगळं वारं मी खाल्लं आणि ऐन वक्ताला दगा दिला!" मी थोरला, घामानं भिजलेला आणि माझा आवाज मोठा. पंचांनी फेटा आणि नवी सायकल मला दिली. भास्करला नाव मिळालं, आडोश्या. त्याच्या लग्नात नवरीकडच्या माणसांनी विचारलं, आडोश्या तो हाच का? मी तिथंच उभा होतो. गप्प राहिलो.

इकडं शहरात माझं बरं चाललं. चितेगावच्या कारखान्यात शिफ्ट, ओव्हरटाइम, मग फ्लॅट, पेन्शन. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, माझा स्वभाव काही बदलला नाही. दूधवाल्यासमोर दूध हुंगून घ्यायचो. शेजारच्या सलीमभाईंनी ईदला शीरखुर्मा आणला तेव्हा मी वाटी हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. "बडे भाई, मीठा है, जहर नहीं," ते हसून म्हणाले. मी हसलो नाही. यांचं काय काम निघणार, याचाच विचार करत होतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याकडं परदेशी सायकलवाल्यांची मोठी शर्यत झाली. जावयाला सायकलचं वेड. तो म्हणाला, "बाबा, बघायला चला." म्हटलं, हा फ्लॅटच्या कागदांचं काढणार. घाटाच्या अलीकडं सरळ रस्त्याला आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. तिथंही मला सगळ्यात काळंबेरं दिसत होतं. धावत्या मोटारीतून बाटल्या कसल्या देतात? टपावर इतक्या सायकली कशाला, मधेच बदलतात की काय? "मॅच ठरलेली असणार," मी म्हणालो. जावई म्हणाला, "बाबा, आधी बघा तरी. शिव्या नंतर द्या."

आधी शिट्ट्या आल्या, मग पोलिसांच्या मोटरसायकली. त्यांच्या मागं दोघंच होते, बाकीच्यांच्या बरेच पुढं निघालेले. एकाच्या चाकाला दुसऱ्याचं चाक जवळजवळ लागलेलं. "बघ," मी म्हणालो, "तो मागचा लबाड. आडोशाला बसलाय." तेवढ्यात पुढच्यानं कोपर हलवलं. मागचा बाजूनं पुढं आला, पुढचा त्याच्या पाठीशी गेला. कुणी कुणाकडं वळून पाहिलं नाही. "लबाड कसला?" जावई म्हणाला. "असंच चालवतात. थोडं वारं तू घे, थोडं मी. दोघं वेगवेगळ्या संघांचे आहेत, शेवटी एकमेकांशीच लढणार. पण इथंच भांडले तर मागचे दोघांनाही गिळतील."

मागून सगळा घोळका सणसणत आला आणि गेला. लोक टाळ्या वाजवत होते. मी कठड्याला धरून खाली बसलो. जावयाला वाटलं, बीपी वाढलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पाचोडला गेलो. भास्कर त्याच्या सोबत्यांबरोबर हॉटेलात बाकड्यावर बसला होता. मी उभं राहून सांगितलं, याच लोकांपुढं, जे माझ्यामुळं त्याला आयुष्यभर टोचत आले. म्हटलं, यानं आडोसा चोरला नाही. यानं मला आडोसा देऊ केला होता, मी घेतला नाही. शर्यत यानं जिंकली होती.

मग एक म्हातारा म्हणाला, "मंग आता काय, फेटा परत घ्यायचा का तुझा?" सगळे हसले.

भास्कर हसला नाही. "दादा, इतकी वर्सं मलाच वाटत व्हतं," तो म्हणाला. "म्हनलं, येवढे लोक म्हन्तेत, तर केलीबी आसंल आपुन लबाडी."

इतक्यात तोच म्हातारा म्हणाला, "आडोश्या, दादाला चहा सांग की." आणि भास्करनं पोऱ्याला हाक मारली, "एक कट दे रं."

भास्कर लोकांना माझ्यापेक्षा मोठा वाटावा म्हणून तसं बोलला का, हा संशय त्या क्षणीही मनात येऊन गेला. माझा रोग हा असा.

तेव्हापासून मी दर बाजाराला पाचोडला जातो. कुणी आडोश्या म्हणालं की मी म्हणतो, भास्कर म्हण. लोक चेष्टा करतात, म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. शहरात माझं काही करायचं उरलं नाही, सगळं गावात उरलंय. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, जिथलं आपलं काम आपल्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही ती जागा.

तुमच्यापैकी जे पुण्याला, मुंबईला, परदेशात गेलात, ते गावाकडं आलात तर माझ्यासाठी एवढं करा. तो दिसला की भास्कर म्हणून हाक मारा. पहिल्या हाकेला तो वळत नाही. दुसरी मारा.