साडूभाऊंनी पिच्चर पाहिला

उभ्या परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंनी ज्याला पिच्चरचा शेवट सांगितलेला नाही असा एक माणूस दाखवा, मी मिशा उतरवीन. दाखवलात तरी तो ठार बहिरा निघेल, आणि बहिऱ्यालाही त्यांनी हातवारे करून खुनी कोण ते कळवलेलं असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. बोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात ते पट्टीबंधक आहेत. डॉक्टर सुई टोचतात. हे जनावर धरतात, जखमा धुतात, पट्ट्या बांधतात. ही नोकरी त्यांनी मुक्या जनावरांच्या प्रेमापोटी धरली असं आक्का सांगतात. मला विचाराल तर श्रोत्यांच्या लोभापायी धरली. खोड्यात म्हैस अडकलेली आणि तिची दोरी ज्याच्या हातात आहे तो शेतकरी पळून पळून कुठं जाणार? मी एकदा तिथं बाकावर बसून हा प्रकार डोळ्यांनी पाहिलाय. म्हातारबा बिचारे काकुळतीला येऊन सांगत होते, "साहेब, दोन दिस झाले, वैरणीला तोंड लावीना झालीय." साडूभाऊ म्हशीच्या खुराला औषध चोपडत म्हणाले, "लावंल, लावंल. तुमी तो भुताच्या वाड्याचा पिच्चर पाहिला का? बघू बी नका. बायकोच भूत हाय." म्हातारबांनी जन्मात तो पिच्चर पाहिला नसता, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा आपलं काहीतरी लुटलं गेल्यासारखा झाला होता.

बरं, यांची मतं तरी माणसासारखी असावीत! नटनट्या, गाणी, दिग्दर्शन याच्याशी यांना काही देणंघेणं नाही. पडद्यावर कुठं चार पायांचं काही दिसतंय का, एवढ्यावरच सगळा निकाल. एका गावाकडच्या पिच्चरमध्ये गाय विते, अख्खं गाव गोळा होतं, नायिका वासराला कवटाळून रडते. थिएटरात बायका पदर डोळ्याला लावत होत्या आणि आमचे साडूभाऊ खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "अरे, जलमल्या जलमल्या वासरू कोरडं ठणठणीत? दोन महिन्याचं वासरू हाय ते! कुणाला येड्यात काढायलाव?" दुसऱ्या एका भयपटात भूत पाहून कुत्रं भुंकतं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. यांच्या येत नाही, कारण यांचं लक्ष कुत्र्याच्या शेपटीकडं. "शेपूट हलवायलंय पाहुणे, शेपूट! भूत ओळखीचं दिसतंय त्याच्या." पाहुणे म्हणजे मी. निकालाची भाषाही दवाखान्यातलीच. एखादा पिच्चर 'मध्यंतरालाच गाभडला', एखादा 'जगला, पण लंगडतो', आणि एखाद्या मालिकेबद्दल नुसतं मान हलवून 'हिला आता आणू नका, घरीच मरू द्या'. कोट्यवधी खर्चून काढलेल्या सिनेमाची अशी वासलात लागलेली पाहून मला आधी आसुरी आनंद व्हायचा. पुढं आमच्या आवडत्या सिनेमांनाही तेच औषध मिळायला लागलं, तेव्हा तो ओसरला.

मोबाईल हातात आला आणि आगीत तेल पडलं. पूर्वी निदान थिएटरपर्यंत जाण्याचे कष्ट होते. आता हे दवाखान्यात, ओट्यावर, येलदरीला मासे आणायला जाताना जीपमध्ये, कुठंही कानात बोंडं घालून बसतात, आणि वेळ वाचावा म्हणून सगळं दुप्पट वेगानं पाहतात. पात्रं बाजारातल्या दलालांसारखी तडतडा बोलतात, नायक-नायिका चहा निवायच्या आत प्रेमात पडून वेगळेही होतात, आणि वर यांची तक्रार, "लय घाई केली राव लिहिणाऱ्यानं." कोरियातली एक मालिका त्यांनी अशीच उडवली. खालची अक्षरं वाचली तर वरचे चेहरे निसटतात म्हणून ती वाचली नाहीत. तरीही गोष्ट त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितली, आणि माझ्या मुलानं नंतर ती पाहिली तेव्हा यांचीच गोष्ट बरी होती असं त्याचं मत पडलं.

पाहून झालं की ते परीक्षण घरच्या ग्रुपवर यायचं. लिहायचा कंटाळा आला की आवाज पाठवायचे, त्यात मागून रेड्याचं रेकणं. वर काय चाललंय ते वाचण्याची पद्धत नाही. जिंतूरच्या मामी वारल्या तेव्हा मामांनी दोन ओळींत बातमी टाकली आणि तिच्या खाली लगेच साडूभाऊंचा अभिप्राय येऊन पडला: 'सुरुवात बरी. मधी लय लांबवलं. शेवट असाच होणार हे ठाऊकच होतं.' मामांनी वर्षभर अबोला धरला. आक्कांना तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि हे मात्र मामांच्याच दारात जाऊन त्यांना समजावत होते की ते एका जासुसी मालिकेबद्दल होतं, आणि ती मालिका तशी मामांनी एकदा पाहायला हरकत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांची मुलगी वर्षा लग्नाची झाली आणि या रोगाची किंमत तिच्या नावावर पडायला लागली. सेलूचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले की अमुक पिच्चर त्यांनी चार वेळा पाहिला, दर वेळी रडले. साडूभाऊंनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि त्या पिच्चरमधला घोडा मध्येच बदलतो हे त्यांना पटवून द्यायला घेतलं. पाहुण्यांना पटेना, यांना राहवेना. शेवटी त्या गृहस्थांच्या अश्रूंची किंमत घोड्याच्या पायावरच्या पांढऱ्या डागाइतकीही उरली नाही. ते 'कळवतो' म्हणून उठले. आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. वर्षानं पोह्याच्या बशा उचलल्या, धुतल्या आणि पालथ्या घातल्या.

म्हणून पेडगावचं स्थळ आलं तेव्हा बायकांनी आधीच कंबर कसली. या खेपेला वर्षाला मुलगा मनापासून पसंत होता. मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झालेली, मुलगा परभणीला शाळेत शिक्षक, घरी शेती आणि म्हशी. तिनं माझ्या बायकोला हळूच सांगितलं होतं, "मावशी, हे मोडलं तर मी पुन्हा कुणापुढं बसणार न्हाई." आक्कांनी पाहुणे यायच्या आधी नवऱ्याला देवघरापुढं उभं केलं. "माझी शपथ हाय. आज तोंडातून पिच्चर म्हून शब्द काढला तर बघा." माझ्या बायकोनं पुस्ती जोडली, "दाजी, मालिका बी न्हाई." साडूभाऊंनी शपथ घेतली. नसबंदीला आणलेल्या वळूच्या तोंडावर असते तसली कळा त्यांच्या तोंडावर होती.

पाहुणे आले, रामराम झाला, बसले. आणि मग जे झालं ते आम्हा कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. साडूभाऊ बोलेचनात. मुलाच्या वडिलांनी पावसापाण्याचं काढलं, हे म्हणाले, "हं." त्यांनी सोयाबीनचं काढलं; हे म्हणाले, "हं." म्हशीच्या दुधाचं काढलं, तेव्हा मला वाटलं आता तरी हा माणूस बोलेल, दवाखान्यातला आहे, पण एखादी म्हैस आठवली की तिच्यामागून एखादा पिच्चर येत असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं, आक्कांकडं पाहिलं आणि मिटलं. तिशी ओलांडलेला संसार, एवढी माणसं ओळखीची, आणि या गृहस्थांकडं दुसरा विषयच शिल्लक नाही हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुलाच्या वडिलांनी शेवटचा उपाय म्हणून विचारलं, "काय टीव्ही-बिव्ही बघता का न्हाई?" साडूभाऊ घामाघूम होऊन म्हणाले, "न्हाई." मला ठसका लागला.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे, त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळच म्हणाले, "पाहुणे, राग मानू नका. आमी बोलकी माणसं. तुमच्या मनात हे स्थळ न्हाई असं दिसायलंय. तसं असंल तर आताच सांगा, आमी नाराज होणार न्हाई. नंतर कळवा न् कळवी नको." आक्कांचा रंग उडाला. माझ्या बायकोनं मला चिमटा काढला, जणू मी काही करू शकणार होतो. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण शपथ ती शपथ. पाहायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याखेरीज बोलू नये अशी आमच्याकडची रीत. पाहुण्यांपुढं बसलेल्या वर्षानं मान वर केली आणि बोलली.

"काका, त्यांच्या मनात लय हाय," ती म्हणाली. "आईनं शपथ घातलीय त्यांना, पिच्चरचं बोलायचं न्हाई म्हून. अन् त्यांना दुसरं काही बोलताच येत न्हाई. पप्पा, बोला तुमी. जे व्हायचं ते होऊ द्या."

होणारं लग्न त्या पोरीनं बापापुढं ठेवून दिलं होतं आणि बापाला ते कळलं की नाही, मला आजही सांगता यायचं नाही, कारण पुढच्याच क्षणी धरणाचे दरवाजे उघडावेत तसे साडूभाऊ सुटले. कोरडं वासरू झालं, ओळखीचं भूत झालं, सेलूचा घोडासुद्धा झाला. पाहुणे आधी चकित झाले, मग हसायला लागले, मग मुलाचे वडीलही पुढं सरकून म्हणाले, "आमी आता ती सरपंचाच्या खुनाची मालिका बघायलाव. दोनच भाग राहिले बघा." आक्का पुढं धावल्या, पण उशीर झाला होता. "धाकला भाऊच खुनी हाय," साडूभाऊ प्रेमानं म्हणाले. "पार पहिल्याच भागात बैल त्याला बुजतो. जनावराला कळतं."

मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. "शेवट सांगितला राव तुमी!" आक्कांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुलाची आई, जी आल्यापासून अक्षर बोलली नव्हती, पदरात तोंड घालून खदखदा हसायला लागली. "लय बेस झालं," ती माउली म्हणाली. "आता तरी येळेवर जेवायला उठतील. महिनाभर झाला, ताट घेऊन उभी राहायलेय मी." मग मुलगा हसला, मग वर्षा. सुपारी त्याच दिवशी फुटली.

लग्न झालं, वर्षा पेडगावला गेली. साडू आणि त्यांचे व्याही यांचं असं मेतकूट जमलं की दोन्हीकडच्या बायका त्या दिवसाला बोल लावायला लागल्या. मध्यंतरी मी बोरीला गेलो तेव्हा साडूभाऊ ओसरीवर फोनला चिकटलेले. मला हातानंच बसा म्हणाले. व्याह्यांना ते कुठल्याशा नव्या विनोदी पिच्चरबद्दल तावातावानं सांगत होते: पहिला भाग झकास, दुसरा लंगडतो, घरातल्या सगळ्यांनी पाहावा असा. मी मनात म्हटलं, चला, ह्या जन्मी यातून सुटका नाही. "मग काल लावला का तुमी?" ते विचारत होते. "समदे बसले होते का? सूनबाई पण? ... हां. शेवटपर्यंत बसली, का मधीच झोपली? दमत असंल ... हसली का?" तिकडचं बोलणं त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, मधे एक शब्द न घालता. मग रामराम म्हणून फोन ठेवला.

"एवढा चांगला आहे का हो तो?" मी जरा खोचकपणेच विचारलं. "आम्हालाही सांगा शेवट."

"मला काय मालूम? मी कुठं पाहिलाय."

ते खाली मान घालून फोन रुमालानं पुसत होते.

"पाहुणे, वर्षाला विचारलं तर ती 'मी मजेत हाय' म्हणती. रोज तेच. बापाला लेक दुसरं काय सांगंल? अन् लेकीच्या सासरी रोज फोन लावून 'पोरगी सुखात हाय का' म्हून विचारणं बरं दिसतं का? पिच्चरचं विचारता येतं. त्याचं कुणाला काही वाटत न्हाई." मग म्हणाले, "मुकं जनावर कुठं सांगतं दुखतंय म्हून. खातंय-पितंय का, ते बघायचं."

इतकी वर्षं या माणसाची टिंगल करण्यात मी कसूर ठेवली नव्हती. आतून आक्कांनी चहाला हाक मारली. साडूभाऊ उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथूनच वळून, मी विचारलेलं नसताना, मला म्हणाले, "हसली म्हणायलेत. दोनदा हसली."