मुलगा शिपवर आहे

मुलगा शिपवर आहे, या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं. वाक्य माझ्या आत्याच्या यजमानांचं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून स्थळं जमवणं हाच त्यांचा उद्योग. मी तेव्हा मंडणगडजवळ एका खाजगी शाळेत शिकवत होते. मामा आले, चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, ‘‘रत्नागिरीचा मुलगा आहे. शिपवर. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. आई घरात एकटी, धाकटा भाऊ मुंबईला. तेव्हा मुलीने नोकरी सोडावी, एवढंच त्यांचं म्हणणं.’’

आमचा मुलुख डोंगराचा. समुद्राशी संबंध म्हणजे बाणकोटच्या खाडीवरची फेरीबोट, तीही कधी वेसवीकडून पलीकडे जायचं असलं तर. शिप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे देशोदेशी जाणारं मोठं जहाज आलं. बाबांच्याही आलं असणार. त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं, जावई शिपवर आहे. मी राजीनामा दिला. शाळेतल्या बायांनी साडी दिली, माझ्या वर्गातली मुलं रडली, मीही रडले.

लग्नानंतर नवरा ड्यूटीवर गेला, तेव्हा मी त्याच्या बॅगेत लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. आता पुढच्या वर्षीच भेट, म्हणून दारात उभी राहून डोळे पुसले. तो चमत्कारिक नजरेने बघत गेला. पुढच्या आठवड्यात दारात हजर.

‘‘काय झालं? शिप परत आली?’’ मी घाबरून विचारलं.

‘‘कसली शिप? आठवड्याची ड्यूटी संपली.’’

‘‘पण तुम्ही शिपवर ना?’’

‘‘मी टगवर,’’ तो म्हणाला. ‘‘मोठं जहाज धक्क्याला लावताना त्याला ओढते, ढकलते ती बोट. तुला ठाऊक नाही? तुझ्या बाबांना मी स्वतः सांगितलं होतं.’’

सांगितलं होतं, ते खरं निघालं. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘टग म्हणाला होता गं. मी मामांना विचारलं, टग म्हणजे काय? ते म्हणाले, शिपचाच एक प्रकार.’’

मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवले नाही. टगवर असण्यात वाईट काय होतं? काहीच नाही. नवरा आठवड्याआड घरी येणार, हे कळलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं आणि रत्नागिरीतल्या एखाद्या शाळेत आधी नोकरी बघून मगच आधीची सोडली असती. सासूबाई महिनोन्‌महिने एकट्या राहणार नव्हत्याच. ज्या कारणासाठी मी नोकरी सोडली ते कारणच अस्तित्वात नव्हतं. मामांना जाब विचारला, तर हसून म्हणाले, ‘‘पाण्यावर चालतं ते सगळं शिपच. तू शिकलेली, तुला एवढं कळू नये?’’ नवऱ्यावरही मी चिडले. आमच्या लग्नाच्या मंडपात लोक ‘शिपवर, शिपवर’ करत होते आणि हा गृहस्थ गप्प बसून फोटो काढून घेत होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘लोकांना आनंद होत होता. मी कशाला मध्ये बोलू?’’

पुन्हा नोकरी मिळाली नाही. मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला, आणि मी घरी चार पोरांच्या शिकवण्या घेत राहिले.

गेल्या वर्षी दिराला स्थळ आलं. तोपर्यंत तोही मुंबई सोडून नवऱ्याच्याच बंदरात लागला होता. मुलगी कराडकडची, तिथल्या दवाखान्यात नर्स. मध्यस्थ अर्थातच मामा. पाहुणे मुलीला घेऊन आले, जयभीम झाला, मी पोहे आणून ठेवले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘‘मुलगा नेमकं काय करतो?’’

‘‘पायलटबरोबर असतो,’’ मामा म्हणाले.

‘‘म्हणजे विमानात?’’ मुलीची आई खुर्चीत पुढे सरकली.

मामा नुसते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सासूबाई ताटल्या सारख्या करत बसल्या. दीर खाली बघत होता. माझा नवरा भिंतीकडे. आणि मामा त्याच आवाजात पुढे म्हणाले, ‘‘ड्यूटीचा काही नेम नसतो. तेव्हा मुलीने नोकरी सोडलेली बरी.’’

मग मला राहवलं नाही.

‘‘विमान नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मोठं जहाज बंदरात घ्यायचं तर तिथल्या पाण्याची माहिती असलेला माणूस त्याच्यावर चढवतात. त्याला पायलट म्हणतात. त्याला जहाजापर्यंत सोडणारी छोटी लाँच असते. आमचे भावजी त्या लाँचवर कामाला आहेत. काम चांगलं आहे. पाळी संपली की घरी येतात. नोकरी सोडायची काही गरज नाही.’’

‘‘तू आत जा गो,’’ सासूबाई म्हणाल्या.

मी गेले नाही. मुलीचे वडील मामांकडे बघत राहिले. मग उठले. ‘‘आम्हाला लाँचचं काही वावडं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘आधीच तसं सांगितलं असतं तर आज बोलणी करूनच उठलो असतो.’’ मुलीने जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

गाडी वळायच्या आत मामांनी तोंड सोडलं. घरच्या सुनेनेच घात केला म्हणे. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तरी नातवाकरवी निरोप. नवरा म्हणाला, ‘‘तू बोललीस ते खोटं नाही. पण माझ्या भावाचं लग्न होतं गं.’’

‘‘आणि तेव्हाचं लग्न कुणाचं होतं?’’ मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना दारात थांबून तो एवढंच म्हणाला, ‘‘मी तेव्हा मंडपात बोलायला हवं होतं.’’ त्याने माझा राग गेला असं नाही. इतक्या वर्षांनी निदान म्हणाला, एवढंच.

दिराने बंदराजवळ खोली घेतली आहे. सुट्टीला येतो, जेवतो, आईशी बोलतो. मला ‘वहिनी, पाणी’ एवढंच. मी देते. त्याच्यावर माझा राग नाही. तो लाँचवर आहे हे त्यानेच ताठ मानेने का सांगितलं नाही, एवढा एक सोडला तर.

परवा आत्याचा फोन आला. मामांनी भावजींसाठी आंजर्ल्याकडचं एक स्थळ पाहिलंय, पाहुण्यांना घेऊन येऊ का, विचारतायत. म्हटलं, या. पण या वेळी मुलाचं काम काय, ते मी सांगणार आणि मामा फक्त चहा पिणार.

आत्याने फोन ठेवला.