खंडाचं कारण : कोयता

आमच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात समाजकार्याच्या एम.ए.ला मुलाखत घेऊन प्रवेश देतात. गेल्या वर्षी टेबलामागे आम्ही दोघं होतो, मी आणि पुण्याहून आलेले एक सर. सर सज्जन, पण फॉर्म असा वाचायचे की जणू शब्द न् शब्द कोर्टात सिद्ध करायचाय.

पाथर्डीकडची एक मुलगी आली. बी.ए.ला फर्स्ट क्लास, मध्ये एक वर्षाचा खंड. खंडाच्या कारणापुढे तिनं एकच शब्द लिहिला होता, कोयता. सरांनी चष्मा काढला. "पोलीस केस वगैरे होती का?"

पोरगी गोंधळली. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. म्हटलं, "अहो सर, ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिलाच आमच्याकडे कोयता म्हणतात. तुमच्या पेपरातला कोयता नव्हे हा."

"आईचा हात मोडला हुता," ती म्हणाली. "मंग पप्पांच्या जोडीला मीच गेल्ते."

सर वरमले. पुढचा रकाना समाजकार्याच्या अनुभवाचा, दहा गुणांचा. तो तिनं कोराच सोडलेला. बाकीच्यांनी झाडं लावतानाचे फोटो आणि प्रमाणपत्रं जोडली होती. रोप एक आणि हात लावणारे अकरा जण. मी विचारलं, "काहीच केलं नाहीस का गं?"

"तसं काई न्हाई. टोळीतली सात-आठ पोरं तिथल्या शाळेत बसवली. शाळेचे सर नावं घालायला तयार नव्हते, मंग मी लई मागं लागले. रोज सोडून यायचे आन् मंग उसाच्या फडात जायचे."

ऐकून मला भरून आलं. पण प्रमाणपत्राशिवाय गुण नाहीत, हा नियम. आज एकीला दिले तर उद्या सगळेच भांडायला येतील, असं स्वतःला समजावत मी शून्य मांडलं.

तिचं नाव प्रतीक्षा यादीत दुसरं लागलं आणि जागा काही सुटल्या नाहीत. प्रवेश बंद झाले त्या दिवशी ती मला नोटीस बोर्डापाशी भेटली. "मॅडम, अनुभवाला शून्य कसं?"

"प्रमाणपत्र नव्हतं ना गं."

"त्या शाळेच्या सरांनी एका फोनवर दिलं असतं. तुमी तवा तसं का न्हाई सांगितलं?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

जातीचा दाखला राहिलेल्या पोरांना आम्ही आठ दिवसांची मुदत देतो. तिला संध्याकाळपर्यंत थांब म्हणायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.