बाळूदादानं वर केलेला हात

बाळूदादा गेल्याचं आमच्या कबड्डी मंडळाच्या ग्रुपवर आलं, तेव्हा मी उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्सच्या ढिगात बसलो होतो. लगोलग हात जोडलेली चित्रं यायला लागली. मी काहीच टाकलं नाही. वाईट वाटलं नाही, हे सरळच सांगतो. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शिरगावला त्याच्या घरी गेलो, तर जो तो उठून एकच सांगत होता, दादा किती प्रामाणिक! माझं डोकंच फिरलं.

हा प्रामाणिकपणा मी वीसेक वर्षांपूर्वी अंबरनाथच्या मैदानावर पाहिला होता. जिल्हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई समोरच्यांची. दादा आमचा कर्णधार, कोपऱ्यात. शेजारी साखळीत त्याचा हात धरून मी. एका कंपनीचे साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. जिंकलेल्या संघातल्या पोरांना ते कंपनीत घेणार होते. चढाईवाल्यानं जाता जाता पाय टाकला, धूळ उडाली, तो रेषेपलीकडे गेला. पंचांना काहीच दिसलं नाही... आणि दादानं हात वर केला. लागलं की गड्यानं आपणहून बाहेर जायचं, ही आमच्या मातीतली रीत. एका गुणानं आम्ही हरलो.

दादा तेव्हा फॅक्टरीत पर्मनंट होता. नोकरी पक्की असली की असला मोठेपणा परवडतो. मी मात्र आजही रोजंदारीवर शिवतोय.

"अंपायरने देखा भी नहीं था, कशाला हात वर केलास?" मी मैदानातच ओरडलो.

"लागलं होतं ना रे?" एवढंच म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कुळगावच्या नाक्यावर दिसला की रस्ता बदलायचो. चार लोकांत त्याला शिव्या घालायचो, त्याही त्याच्या कानावर जातील अशा बेतानं.

कारण लागलं मला होतं. घोट्याला, चांगलंच. माझी बोटं दचकली ती त्याच्या मुठीत होती, म्हणून त्याला कळलं. मी हात खालीच ठेवला, तेव्हा त्यानं स्वतःचा वर केला. त्यानं तिथंच माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी कधीच विसरून गेलो असतो. माझी लबाडी गुपचूप स्वतःच्या नावावर घेतली, याचा राग मात्र अजून जात नाही.

कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दादाची खाट तशीच होती, उशाशी चष्मा आणि गुडघ्याचा पट्टा.

"तुमच्यावर त्यांचा लय जीव होता भावजी," वहिनी म्हणाल्या. "मी विचारायची, तो माणूस तुम्हाला एवढं का बोलतो? तर म्हणायचे, माझ्यामुळे गेली ना त्याची नोकरी, बोलू दे."

मी खाटेच्या कडेवर टेकलो. वहिनींना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं... आणि म्हणालो, "चहा नको, निघतो."