कूलरसमोरचं बाळ

परवा ओल्या वाळ्याचा वास आला आणि मला नंदनवन वस्तीतल्या घरचा आमचा पहिला कूलर आठवला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबांनी तो सदरच्या बाजारातून आणला आणि दुसऱ्याच दुपारी शेजारच्या शांताकाकू आपलं महिन्याभराचं बाळ घेऊन धावत आल्या. बाळाचं अंग तापलं होतं.

"सकाळपासून दूध पिऊन नाही राहिलं वं," त्या आईला म्हणाल्या.

आईनं बाळाला ओल्या फडक्यानं पुसून कूलरसमोर निजवलं. बाबा डॉक्टरांना घेऊन आले.

"ऊन बाधलंय. गारव्यात ठेवा," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी कूलरच्या घरघरीत बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागलं आणि काकूंना रडू फुटलं.

उन्हाळाभर ती दोघं आमच्या कूलरच्या खोलीतच राहिली. आम्ही स्वयंपाकघरात घाम पुसत बसायचो.

"आपला कूलर काहून देऊन टाकला?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"दिला कुठं? आपल्याच घरात तर हाये," आई म्हणाली.

आज आईचं म्हणणं पटतं, तेव्हा मात्र मी रुसलेच. तशीच फुगून एका दुपारी मी बाळाजवळ जाऊन बसले, तर ते माझ्याकडे बघून हसलं. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदाच हसलं वं, तुले पाहून."