परमिटवाल्या काकांची बाटली

दारूबंदीच्या अख्ख्या गुजरातेत दारूचं परमिट खिशात घेऊन फिरणारा आणि तरीही दारू न पिणारा माणूस एकच असणार, आणि तो माझा घरमालक आहे. बडोद्यात अकोट्याला काकांचं बैठं घर आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत मी राहतो. मी मूळचा आजऱ्याकडचा. शाळा सातवीत सुटली, आता फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. बडोद्यात आलो तेव्हा ओळखपाळख नसलेल्या एकट्या माणसाला कोणी खोली देईना. काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "पाढे येतात का?" ते गणिताचे शिक्षक होते. मी सतराच्या पाढ्यात अडखळलो, तर म्हणाले, "राहा, हळूहळू येतील." तेव्हापासून मी राहतोय. पाढा अजून आलेला नाही, आणि ते अजून विचारत नाहीत याचीच जास्त लाज वाटते.

काकांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. त्यामुळे असेल, पण कायदा म्हटला की काकांची पाठ आपोआप ताठ होते. दूधवाल्याचं दुकान आमच्यापासून चार घरांवर, पण एकेरी रस्त्याच्या उलट्या दिशेला. काका तेवढं अंतर स्कूटर कधी चालवत नाहीत, उतरून ढकलत नेतात. "ढकलली की मी पादचारी," म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन चालू स्थितीतली स्कूटर ढकलणारे काका बघून गल्लीत नवा आलेला प्रत्येक माणूस मदतीला धावतो आणि काका त्याला वाहतुकीचा नियम समजावून सांगतात. मला तर ते सगळ्यांसमोर 'आमचे रेफ्रिजरेशन इंजिनिअर' म्हणतात. एकदा जावयाच्या मित्रासमोर म्हणाले आणि त्याने मला कॉलेज कुठलं विचारलं. मी चहा आणायला म्हणून जो आत गेलो तो बाहेर आलोच नाही.

तर ती बाटली. काकांची एकुलती लेक, माझी ताई, न्यूझीलंडला दिली आहे. दिली म्हणजे तिनेच ठरवलं. तिच्या सासरी दक्षिणेकडच्या थंड भागात द्राक्षाचा मळा आहे आणि घरचीच वाइन बनते. सासरे अजून स्वतः मळ्यात राबतात. ताई माहेरी आली तेव्हा सासऱ्यांनी काकांसाठी म्हणून एक बाटली दिली. शार्डने. काकांना कोणी दारू म्हटलेलं खपत नसे. "दारू नाही, वाइन. आणि वाइनमध्ये शार्डने. आणि शार्डनेमध्ये टेकडीच्या उतारावरच्या एकाच तुकड्याची. शेजारच्या तुकड्याचं एक द्राक्ष त्यात नाही," असं ते पेपरवाल्यालासुद्धा सांगत. कधीतरी व्याही बडोद्याला येतील, तेव्हा दोघांनी मिळून ती उघडायची, असं ठरलेलं होतं.

ताईने बाटली पाहुण्यांच्या परमिटवर आणली होती. ती परत जायला निघाली आणि काकांना घाम फुटला, कारण आता बाटली घरात राहणार ती कोणाच्या नावावर? काका डॉक्टरच्या दाखल्यावर मिळतं ते तब्येतीचं परमिट काढायला गेले. सोबत मी. डॉक्टरांनी विचारलं, "कशासाठी हवंय?"

"ठेवायला."

"म्हणजे रोज किती घेता?"

"घेत नाही."

"काका, मग मी लिहू काय?"

"खरं असेल ते."

डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागे झाले. आम्ही हात हलवत परतलो. पुढच्या खेपेला त्यांनीच सांभाळून घेत विचारलं, "झोप तरी नीट लागते का?" काकांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "लेक गेल्यापासून नाही." डॉक्टर हसले नाहीत. कागद झाला. काकांनी परमिटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि शेजारच्या बेनने "काका, तमे पण?" म्हणून तोंडावर पदर घेतला, तर तिलाही ते अभिमानाने उघडून दाखवलं.

बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी, आणि तिथल्या थंडाव्यावर लक्ष ठेवणं माझं काम. इतकं कौतुकाचं काम मला कोणी दिलेलं नव्हतं. रोज कामावर जाण्याआधी मी थर्मामीटर बघून काकांना आकडा सांगायचो आणि ते फळ्यावरच्या बरोबर उत्तराला डोलवावी तशी मान डोलवायचे. बाटलीमागच्या चिठ्ठीवर चवीचं वर्णन होतं. हिरवं सफरचंद, लिंबू, ओला दगड. सफरचंद आणि लिंबू काकांना पटलं. दगड पटेना. एका सकाळी बघतो तर काका मागच्या अंगणात गुडघ्यांवर बसून धुण्याच्या दगडावर पाणी ओतून नाक टेकवून बसलेले. मला वाटलं चक्कर आली. धावलो तर म्हणाले, "इंजिनिअर, याला खरंच वास आहे हो!" मग मलाही वास घ्यायला लावला. मला साबणाचा आला. मी हो म्हणालो.

मागच्या मे महिन्यात माझी आई पहिल्यांदा बडोद्याला आली. माझे वडील दारूत गेले आणि माझी शाळा त्यातच सुटली, हे मी काकांना कधीतरी सांगितलं होतं. आईचा फोनवर पहिला प्रश्न कायम एकच, "मालक पीत न्हाईत न्हवं?" ती बाटली तिला दिसली असती तर माझी वळकटी बांधून तिने मला त्याच गाडीने परत नेलं असतं. स्टेशनवर तिला आणायला जाताना मी वाटभर शब्द जुळवत होतो. काकांच्या घरात काकांचीच वस्तू लपवा म्हणायचं कुठल्या तोंडाने? घरी येऊन बघतो तर खालच्या कप्प्यात भेंडी. मी काकांकडे बघितलं, काकांनी पेपरात बघितलं.

आई राहणार होती दोनच दिवस. उन्हाने आजारी पडली आणि महिनाभर राहिली. बरी झाली तशी काकांच्या स्वयंपाकघरात शिरली, त्यांना तांबडा रस्सा सोडून सगळं खाऊ घातलं आणि जाताना म्हणाली, "लई देवमाणूस हाय बग. ह्यांचं पाय सोडू नगंस." ती गेली त्या संध्याकाळी बाटली पुन्हा कप्प्यात आली. कुठे होती, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये असेल.

डिसेंबरात ताई सासऱ्यांना घेऊन आली. उंच, लाल, मातीत काम केलेल्या हातांचा माणूस. काकांनी अलकापुरीतल्या मोठ्या दुकानातून खास ग्लास आणले होते. मलाही टेबलाशी बसवलं, 'वर्षभर थंडी यांनी राखली' अशी ओळख करून. सासऱ्यांनी बाटली उघडली, वास घेतला, एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला. ताईशी काहीतरी बोलले. ताई चाचरत म्हणाली, "बाबा, हिला ऊन लागलंय. शिजलीय म्हणतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "यांचा काही संबंध नाही. मे महिन्यात मी ती माळ्यावर ठेवली होती. पत्र्याखाली, ट्रंकेत."

"अहो बाबा, शेजारी तरी द्यायची!"

"त्यांच्याकडे परमिट कुठे आहे?"

"पण फ्रिजमधून काढलीच का?"

काका ग्लासाकडे बघत म्हणाले, "घरात हिच्यापेक्षा मोठा पाहुणा आला होता."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने सासऱ्यांना इंग्रजीत बराच वेळ सांगितलं. त्यातला 'मदर' एवढाच शब्द मला समजला आणि तेवढा पुरे होता. जमीन दुभंगावी असं वाटलं. सासऱ्यांनी ग्लास पुन्हा उचलला आणि काढा घ्यावा तसा संपवला. मग काकांनी जन्मातला पहिला घोट घेतला, सगळा चेहरा आक्रसून घेतला आणि म्हणाले, "छान आहे." काकांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

पाहुणे गेल्यावर मी ग्लास धुवत होतो. धुऊन झाले तरी नळ चालूच ठेवला होता. काका मागे येऊन उभे राहिले.

"आईची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे, काका."

"मग पुढच्या खेपेला त्यांना थंडीत बोलवा," काका म्हणाले. "आमच्या बडोद्याचा उन्हाळा सोसत नाही."

कोणाला सोसत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी "हो" म्हणालो, मान वर न करता.